ड्रम कोअरची वर्गणी

आमच्या ह्यांना वर्गणी मागायची भारी हौस. पुण्यात कॉलेजात असताना गल्लीतल्या गणपतीची वर्गणी हेच गोळा करायचे, आणि मेडिकलचा अभ्यास सांभाळून करायचे, असं माझ्या सासूबाई कौतुकानं सांगत. मला विचाराल तर वर्गणी सांभाळून अभ्यास झाला असणार. इंग्लंडात वॉटफर्डला आलो, हे हॉस्पिटलात पेशंटना भूल द्यायला लागले, घर झालं, गाडी झाली, तरी ही खोड गेली नाही. आमच्या मराठी मंडळाचा गणपती पिनरला एका भाड्याच्या हॉलमध्ये बसायचा. त्याच्या पावत्या फाडायचं काम कुणी न सांगता ह्यांच्याकडे आलं. पावती पुस्तकं पुण्याहून छापून यायची. वर मधोमध गणपती, खाली 'यांजकडून रुपये' असं छापलेलं, आणि त्या रुपयांवर काट मारून हे पौंड लिहायचे. उरलेली पुस्तकं वर्षभर आमच्या जिन्याखालच्या कपाटात पडून असायची. तिथेच पडून राहिली असती तर बरं झालं असतं, असं मी एके काळी खूप वेळा म्हटलंय.

आमची लेक अकरा वर्षांची असताना एक दिवस शाळेतून आली आणि दोन पेन्सिली घेऊन जेवणाचं टेबल बडवायला लागली. म्हटलं, काय गं हे? तर म्हणाली, "आई, मी ड्रम कोअर जॉइन केला." मला वाटलं काहीतरी मिलिटरीचं प्रकरण आहे.

तसं काही नव्हतं. तिच्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढणारी एक बाई होती. ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की एका हाकेत अख्खा हॉल गप्प. ही बाई संध्याकाळी आणि रविवारी ड्रम कोअर चालवायची. चाळीसेक मुलं, त्यांचे ड्रम, ब्यूगल आणि मोठाले रेशमी झेंडे. वाजवत वाजवत मैदानावर चालायचं, चालता चालता गोल, फुली, बाण असे आकार करायचे, आणि दहा-बारा मिनिटांच्या त्या एका कार्यक्रमासाठी वर्षभर राबायचं. सप्टेंबरात देशभरातल्या अशा कोअर एका स्टेडियमवर जमायच्या आणि फायनल व्हायची. बस, एवढंच. त्यातून नोकरी मिळत नाही, परीक्षेत मार्क मिळत नाहीत. मी पहिल्यांदा पाहायला गेले ती नाक मुरडतच. शाळेच्या मागच्या डांबरी पटांगणावर बोचऱ्या वाऱ्यात मुलं एकच वळण पुन्हा पुन्हा घेत होती, ओठ निळे पडले होते, आणि एकानंही "घरी जाऊ या" म्हटलं नाही. घरी जी पोरगी स्वतःची प्लेट उचलत नव्हती, ती तिथं दुसऱ्याचा ड्रम उचलत होती. मी मनात म्हटलं, बाई गं, तू म्हणशील ती पूर्वदिशा.

आता हे सगळं चालायचं कशावर? हवेवर! कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, संगीतवाल्यांकडे मदत मागावी तर ते म्हणत, ही कवायत आहे, खेळवाल्यांकडे जा. खेळवाले म्हणत, हे तर संगीत आहे. शाळा हॉलचं भाडं घेई. ब्यूगल अमेरिकेतल्या कुठल्यातरी कोअरनं वापरून टाकलेले, पोचे काढून काढून चालवलेले. ड्रमचं कातडं म्हणजे खरं तर प्लास्टिकच असतं, पण ते फाटायचं अगदी कातड्यासारखं, आणि नवं घ्यायचं म्हटलं की सगळ्या आया एकमेकींची तोंडं बघायच्या. युनिफॉर्म थोरल्याचे धाकट्याला. माझ्या लेकीच्या जाकिटात आधीच्या तीन मुलांच्या नावांच्या पट्ट्या शिवलेल्या होत्या.

त्यामुळे बाईचं अर्धं आयुष्य कोअर शिकवण्यात आणि अर्धं पैसे उभे करण्यात जायचं. स्काउटच्या हॉलमध्ये जंबल सेल, म्हणजे जुन्यापान्या वस्तूंची विक्री. त्यात मी ह्यांचा जुना कोट दिला, तर ह्यांनीच तो "अगदी माझ्या मापाचा मिळाला गं!" म्हणून परत विकत आणला. सुपरमार्केटात मुलं गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून द्यायची आणि डब्यात नाणी पडायची. रद्दी गोळा करून विकायची, ती साठवायची आमच्या गॅरेजमध्ये, म्हणून आमची गाडी कैक वर्षं थंडीवाऱ्यात बाहेर उभी. पबच्या काउंटरवर एक भलीमोठी व्हिस्कीची रिकामी बाटली ठेवलेली असे, लोक त्यात सुट्टे टाकत. ती भरली की बाई ती उचलून आणायची, पण एकटीनं कधी उघडायची नाही. दोन वेगळ्या घरांतली दोन माणसं समोर बसल्याशिवाय तिचा हात बाटलीला लागायचा नाही. एकदा मी म्हटलं, "अहो, तुमच्यावर कोण संशय घेणार आहे?" तर म्हणाली, "म्हणूनच." उत्तरेकडची एक कोअर तिनं बंद पडताना पाहिली होती. तिथं पैसे कुणी खाल्ले नव्हते, खाल्ले असं लोक बोलायला लागले, तेवढं पुरलं.

नव्वदीच्या सुरुवातीचं ते वर्ष. लेकीच्या ए-लेव्हल, म्हणजे इथल्या बारावीच्या परीक्षा, झाल्या होत्या, ऑक्टोबरात ती युनिव्हर्सिटीला जाणार, म्हणजे सप्टेंबरातली फायनल तिची शेवटची. आणि शोची सुरुवात तिच्यावर होती. पूर्ण मैदान शांत, चाळीस मुलं पुतळ्यासारखी उभी, आणि एकटीचा तो कडकड वाजणारा स्नेअर ड्रम. सात वर्षांची मेहनत त्या अर्ध्या मिनिटासाठी. घरात ती चमच्यानं, कंगव्यानं, टूथब्रशनं तेच वाजवत असायची. मला ते इतकं पाठ झालं होतं की पोळ्या लाटताना लाटणं त्याच तालात फिरायचं.

फायनलला कोअर बसनं जायची. दरवर्षी त्या बसचे पैसे वॉटफर्डमधला एक छापखानेवाला द्यायचा. त्याची मुलगी पूर्वी कोअरमध्ये झेंडा फिरवायची. त्या वर्षी मंदीत छापखान्यालाच टाळं लागलं. बिचारा स्वतः येऊन बाईला सांगून गेला, डोळ्यांत पाणी घेऊन. बसवाले तर आधी पैसे टेकवा म्हणत होते. कोअरमधल्या निम्म्या घरांत गाड्या नव्हत्या, आणि ज्यांच्याकडे होत्या त्यातले कितीतरी रविवारी शिफ्टला. आणि बाईचा एक नियम होता, त्यात ती देवालाही सूट देणार नाही: जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही. चार मुलं मागे ठेवून उरलेल्यांनी गाड्यांतून जायचं, हे तिला चालणार नव्हतं.

लेक रडली नाही. चमचा वाजवायचा बंद झाला. घर इतकं शांत मला सहन होईना.

आणि इथं आमच्या ह्यांच्या अंगात गणपती मंडळ संचारलं. "अगं, साधी गोष्ट आहे," म्हणाले. "दारोदार वर्गणी काढू. आपल्या भोवतीच्या गल्ल्या काय कमी आहेत?" म्हटलं, बाईंना विचारा तरी. तर बाई तो आठवडा बेसिंगस्टोकला बहिणीकडे गेलेली. "आली की सरप्राइज!" असं म्हणत जिन्याखालच्या कपाटात शिरले. बाहेर आले ते गणपतीचं पावती पुस्तक घेऊन.

"अहो, ह्यावर मंडळाचं नाव आहे!"

"वर ड्रम कोअर असं पेनानं लिहितो की. पावती दिली की माणसाला विश्वास वाटतो."

त्या संध्याकाळी मी दोन घरं मागे राहून चालत होते, आणि धरणी दुभंगली असती तर आनंदानं आत गेले असते. इंग्रज माणूस चॅरिटीला पैसे देतो, नाही असं नाही, पण तो डब्याच्या फटीत नाणं सरकवतो, किती ते कुणाला दिसत नाही, आणि डबेवाल्यानं दुसरीकडे बघायचं असतं. आमचे हे दार उघडलं की पेन पावतीवर टेकवून उभे. "गुड इव्हिनिंग! आपली मुलं फायनलला चाललीत. किती लिहू? पाच?" समोरचा "अं... अं..." करायला लागला की गळ टाकायचे, "शेजारच्यांनी तीन दिलेत." लाल होऊन माणूस पाकीट काढायचा. कुणी म्हणालं की नंतर बघू, तर हे हसत, "नंतर कशाला, मी थांबतो ना!" आणि खरंच थांबायचे. ढिम्म. पुण्यात ह्याला चिकाटी म्हणतात. लेक माझा हात ओढत होती, "आई, बाबाला थांबव ना. बाबा सो एम्बॅरसिंग आहे." म्हटलं, अठरा वर्षांत तुला नाही जमलं, वीस वर्षांत मला नाही जमलं, आता काय थांबणार?

कोपऱ्यावर एक निवृत्त गृहस्थ एकटे राहायचे. कुठल्याशा इन्शुरन्स ऑफिसात होते म्हणे. कुंपणाची झाडं पट्टी लावून कापल्यासारखी, आणि शाळेच्या पटांगणात ड्रम सुरू झाले की त्यांच्या खिडक्या धाडकन बंद व्हायच्या. मी म्हटलं, हे घर सोडा. पण वर्गणीवाला घर सोडत नाही. गृहस्थांनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं.

"शेजारच्यांनी तीन दिलेत," हे म्हणाले.

"शेजारी काय देतात त्याच्याशी माझा संबंध नाही," ते म्हणाले, आणि दोन पौंड दिले. मग पावती हातात घेऊन त्यांनी नीट न्याहाळली. गणपतीवर बोट ठेवलं. "हे कोण?"

"हे सगळी विघ्नं दूर करतात," ह्यांनी अगदी मनापासून सांगितलं.

"यांची सही नाही इथं," गृहस्थ म्हणाले, आणि दार बंद झालं.

दोन-तीन संध्याकाळींत ह्यांनी बसचे जवळजवळ सगळे पैसे उभे केले. मी कबूल करते, ती रक्कम मीही दोनदा मोजून बघितली. लेकीनं पुन्हा चमचा हातात घेतला.

बाई परत आली आणि त्याच दिवशी कौन्सिलमधून तिला फोन गेला. दारोदार फिरून पैसे गोळा करायला कौन्सिलचं लायसन्स लागतं, आणि ते आम्ही घेतलेलं नव्हतं. शिवाय पावती भलत्याच संस्थेची, भलत्याच भाषेत, वर हत्तीचं चित्र. एका रहिवाशानं ती पावतीच कौन्सिलमध्ये नेऊन दिली होती. कोण ते त्यांनी सांगितलं नाही, पण आम्हाला सांगायची गरजही नव्हती.

बाई आमच्या किचनमध्ये येऊन बसली. अंगावरचा कोट काढला नाही. मी चहा पुढे ठेवला, त्याला हात लावला नाही. ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "डॉक्टर, सगळे परत करायचे. ज्याचे त्याला."

"पण लोकांनी खुशीनं दिलेत!"

"खुशीनं?" ती म्हणाली. हे पावती पुस्तक चाळायला लागले.

मी मात्र गप्प बसले नाही. माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, "आणि मुलांचं काय? सात वर्षं माझी पोर तुमच्या थंडीत उभी राहिली. लायसन्स काय, नंतरही काढता येईल. एकदा बस भरून जाऊ द्या, मग करा तुमचा धर्मराजाचा कारभार!" हे इंग्रजीत नीट बोलता आलं नसणार, पण तिला पोचलं.

तिनं चष्मा काढून पुसला. मला पहिल्यांदा दिसलं की तिचे डोळे सुजलेले आहेत. "लोक माझ्याकडे काय देतात माहितीये?" ती म्हणाली. "त्यांची मुलं. रविवारी सकाळी सोडून जातात आणि मागे वळून बघत नाहीत. कशामुळे? उद्या कुणी म्हणालं की ह्या कोअरच्या पैशांत काळंबेरं आहे, तर शाळा हॉल काढून घेईल आणि आया मुलं काढून घेतील. तुमची पोर जाईल हो युनिव्हर्सिटीला. खालची लहान मुलं कुठे जातील?" मग उठता उठता म्हणाली, "काही मागायचं नाही, काही समजावायचं नाही. पैसे द्यायचे, थँक यू म्हणायचं, आणि निघायचं. शनिवार संध्याकाळपर्यंत दुसरी काही सोय होते का बघते, नाहीतर फायनलवाल्यांना फोन करते की आम्ही येत नाही."

ती गेल्यावर मी भांडी अशी आदळली की एक बशी फुटली. मला तिचा राग आला होता. तिचं बरोबर होतं, म्हणून तर जास्तच आला होता.

मग पुन्हा त्याच गल्ल्या, तीच दारं. ह्या खेपेला मी ह्यांच्या बरोबरीनं चालले. आपल्या पावती पुस्तकात आपल्याकडे प्रत राहते, नाव, घर, रक्कम, म्हणून परत देता तरी आले. डबा फिरवला असता तर कुणाचं नाणं कुणाला देणार होतो? वर्गणी मागताना सिंहासारखे असणारे आमचे हे आता दारात उभे राहून "सॉरी, हे आपले," एवढंच म्हणत. आणि लोक इतके गोंधळले की विचारू नका. पैसे मागायला आलेलं त्यांनी पाहिलं होतं, परत द्यायला आलेलं कधी पाहिलं नव्हतं. एक आजी तर पैसे घेईनाच, मागे हात बांधून उभी. "मग मुलं जाणार कशी?" जवळजवळ प्रत्येकानं विचारलं. समजावायचं नाही अशी ताकीद होती. पण विचारल्यावर खोटं कसं बोलणार? हे म्हणायचे, "जाणार नाहीत."

कोपऱ्यावरच्या घरी मी आत जाऊ नका म्हटलं तरी हे गेले. गृहस्थांनी दोन पौंड घेतले. "लायसन्स नव्हतं," ते म्हणाले. त्यात ना राग, ना आनंद. "बरोबर," हे म्हणाले. "आमचं चुकलं." त्यांनी विचारलं, "आणि मुलं?" ह्यांनी तेच सांगितलं, जाणार नाहीत. गृहस्थांनी हातातल्या दोन पौंडांकडे पाहिलं आणि दार लावलं. मी फाटकाशी उभी राहून मनातल्या मनात त्यांना अस्सल पुणेरी शिव्या घातल्या. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

शनिवारी दुपारी लेक पटांगणावर शेवटचा सराव करायला गेली. बाईनं ठरवलं होतं, रविवारी निदान आई-बापांसमोर पूर्ण युनिफॉर्ममध्ये शो करायचा. मी तिचे पांढरे हातमोजे इस्त्री करत होते, आणि डोळ्यांतलं पाणी इस्त्रीवर पडून चर्र वाजत होतं. तेवढ्यात बेल वाजली. दारात कोपऱ्यावरचे गृहस्थ. टाय लावलेला, हातात कागद-पेन्सिल.

मी ह्यांना हाक मारली. म्हटलं, आता हा माणूस आणखी काय घेऊन आलाय, तुम्हीच बघा.

"डॉक्टर," ते म्हणाले, "काल मी कौन्सिलला फोन करून विचारलं. दारोदार पैसे गोळा करायला लायसन्स लागतं. गाडीतून कुणाला सोडायला लागत नाही." मग त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली. "तुमच्या गाडीत किती सीट लिहू?"



गृहस्थ खाकरले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. पण माणूस जागचा हलला नाही. "शेजारच्यांनी तीन दिल्यात," ते म्हणाले.

मी सांगते, आमच्या ह्यांना मी सासऱ्यांच्या निधनानंतर रडताना पाहिलं होतं ते तेवढंच. त्या दिवशी दुसऱ्यांदा पाहिलं. हसत होते आणि रडत होते. "तीन लिहा!" म्हणाले. "तीन! आणि ही मांडीवर घेईल एखादं!" गृहस्थांनी मांडीचं लिहिलं नाही. ते नियमात बसत नव्हतं. ज्या माणसानं शेजाऱ्याला आयुष्यात कधी मीठ मागितलं नसेल, तो सकाळपासून आमच्याच गल्ल्यांतून, आमच्याच दारांवर फिरत होता. आम्ही पैसे परत केलेल्या लोकांकडून त्यानं सीट गोळा केल्या होत्या. पैसे परत घेताना हात बांधून उभी राहिलेली आजी स्वतः गाडी चालवत नव्हती. तिनं आपल्या जावयाची गाडी लिहून दिली होती, जावयाला न विचारता.

आम्ही तिघं पटांगणाकडे गेलो. बाईनं तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्मा कपाळावर चढवून गृहस्थांना म्हणाली, "तुम्ही खिडक्या लावता आमच्यामुळे." ते म्हणाले, "सहाला बातम्या असतात, म्हणून लावतो. बातम्या संपल्या की उघडतो." सात वर्षं आम्ही फक्त खिडक्या लावलेल्या ऐकल्या होत्या. बाई मुलांकडे वळली आणि तिचा तो आवाज फुटेना. शेवटी तिनं नुसता अंगठा वर केला. चाळीस मुलांनी जो कल्ला केला, तो अर्ध्या वॉटफर्डनं ऐकला असणार.

रविवारी पहाटे गाड्यांची रांग लागली. कागदावरच्या यादीप्रमाणे आमची लेक आणि झेंडेवाल्या तीन मुली गृहस्थांच्या गाडीत. मुलींच्या बुटांनी सीट खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी पायाशी वर्तमानपत्रं अंथरली होती, आणि मोटरवेवर त्यांनी गाडी अशी हाकली की लॉऱ्या हॉर्न वाजवत पुढे जात होत्या. आम्ही त्यांच्या मागे. "अहो, पुढे काढा ना!" मी ओरडत होते. "सगळे पोचले असतील! हिच्याशिवाय शो सुरूच होत नाही!" हे म्हणाले, "त्या माणसाच्या पुढे मी गाडी काढणार नाही." माझा जीव नुसता टांगणीला. स्टेडियमच्या फाटकात बाई दोन्ही हात हलवत उभी होती, आणि लेक गाडीतून उतरली तीच पळत सुटली.

मग मैदान शांत झालं. सगळी मुलं पुतळ्यासारखी. आणि माझ्या पोरीनं ते एकटीचं अर्धं मिनिट वाजवलं. चमच्याचं, कंगव्याचं, माझ्या लाटण्याचं ते सगळं. एक ठोका चुकला नाही. मला शोचं बाकी काही आठवत नाही. माझ्या शेजारी गृहस्थ अगदी ताठ बसले होते, आणि त्यांच्या गुडघ्यावर त्यांची दोन बोटं अगदी तेच वाजवत होती, तिच्या आधी अर्धी मात्रा. त्यांनाही पाठ होतं.

आमचा नंबर खालून तिसरा आला. बाई म्हणाली, गेल्या वर्षी खालून दुसरा होता.

परत वॉटफर्डला पोचलो तेव्हा उजेड होता अजून. मुली उतरल्या, गृहस्थांनी वर्तमानपत्रं गोळा करून नीट घडी घातली. हे पेट्रोलचे पैसे द्यायला गेले, तर त्यांनी हात मागे घेतला. "नको. पण एक विचारू?" ते म्हणाले. "मला पावती मिळेल का? आधीची कौन्सिलनं ठेवून घेतली."

आमच्या ह्यांच्या कोटाच्या खिशात पुस्तक होतंच. हे बॉनेटवर टेकून लिहायला लागले. 'रुपये'वर काट मारली. पौंड लिहायचं म्हणून पेन टेकवलं, थांबले, आणि लिहिलं: चार सीट, जाऊन येऊन. मग पावती फाडायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, सही कुणाची करू?" म्हटलं, ज्यांची राहिली होती त्यांच्या वतीनं तुम्हीच करा. त्यांनी गणपतीच्या पायाशी सही केली, आणि गृहस्थांनी ती पावती घडी न घालता, दोन्ही हातांत धरून घरी नेली.